नेट बंद पडलं की राउटर रिसेट करू नका, आधी काळ्या खिडकीत बघा

राउटरच्या मागं एक बारीक भोक असतं बघा, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कोरा करकरीत होतो. नेट बंद पडलं की बरेच जण पहिलं तेच करतात आणि मग खरा घोळ सुरू होतो, कारण फायबरचं कनेक्शन पीपीपीओईवर असलं तर ऑपरेटरनं आत भरलेलं युजरनेम-पासवर्डपण त्याच्याबरोबर पुसून जातं, म्हणजे आधी नुसती एक वायर ढिली होती आणि आता ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत सगळं काम ठप्प. मी कोल्हापुरात उद्यमनगरातली वर्कशॉपं, लक्ष्मीपुरीतली दुकानं, राजारामपुरीतले क्लास अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळतो, आणि प्रत्येकाला मनापासून हेच सांगतो की बटणाला हात लावायच्या आधी पाच मिनिटं कमांड लाईनवर बसा, बिघाड कुठं आहे ते तिथं दिसतं.

डोक्यात एकच चित्र ठेवायचं. आधी तुमचा कॉम्प्युटर, मग वायर नाहीतर वायफाय, मग राउटर, मग ऑपरेटर, मग बाहेरचं जग. आपल्यापासून सुरू करून एकेक कडी पुढं जायचं, जिथं उत्तर यायचं थांबलं तिथं बिघाड. खालचं सगळं विंडोजसाठी आहे, लिनक्सचं शेवटी थोडक्यात सांगतो. आणि कमांड मी इथं देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या, जिथं स्पेस दिलीय तिथंच स्पेस द्यायची.

आधी आहे ते लिहून ठेवा

विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहा, एंटर. काळी खिडकी उघडली की पहिली कमांड ही:

आयपीकॉन्फिग /ऑल > जुनं.टीएक्सटी

फाईलचं नाव काहीही द्या. आत्ता जे सेटिंग आहे ते सगळं तुमच्या युजरच्या फोल्डरमध्ये या फाईलीत जाऊन बसतं. हे नेट चालू असताना, चांगल्या दिवशी पण एकदा करून ठेवा, कारण बिघडल्यावर "आधी काय आकडा होता हो?" असं विचारलं तर कुणालाच आठवत नसतं. मी प्रत्येक गिऱ्हाईकाकडं त्याची प्रिंट काढून राउटरशेजारी भिंतीला चिकटवतो.

सेटिंग बदलायच्या कमांडना मात्र ॲडमिनची खिडकी लागते. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राईट क्लिक करा, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. नुसतं बघायला साधी खिडकी पुरते.

आयपीकॉन्फिग वाचायचं कसं

नुसतं आयपीकॉन्फिग टाकलं तरी चालतं, पण /ऑल लावलं की जास्त कळतं. भरपूर ओळी येतात, घाबरू नका, त्यातल्या मोजक्याच बघायच्या. दोन इथं सांगतो, बाकीच्या पुढं जिथं लागतील तिथं.

"मीडिया डिस्कनेक्टेड" असं दिसलं तर सेटिंगचा काही संबंधच नाही, वायर लागलेली नाही किंवा पोर्ट गेलाय. वायफायच्या समोर हे दिसत असेल आणि तुम्ही वायर वापरत असाल तर ते बरोबरच आहे, आपण वापरतो त्या अडॅप्टरची ओळ बघायची.

"आयपीव्ही४ ॲड्रेस" समोर १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा असला की राउटरनं पत्ता दिलाय. काही राउटर १० नं सुरू होणारे देतात, तेही बरोबर. पण तिथं १६९.२५४ दिसलं तर कान टवकारा. तो पत्ता राउटरनं दिलेला नाही, विंडोजनं वाट बघून बघून स्वतःच घेतलाय. म्हणजे कॉम्प्युटर ठीक आहे, पण राउटरपर्यंत त्याची हाक पोचत नाही, नाहीतर राउटर पत्ते वाटायचं थांबलाय.

याचं एक उदाहरण जवळून सांगतो. उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या ऑफिसमधून फोन आला, अकाउंटवाल्या ताई म्हणाल्या, "दादा, मी चारदा बंद-चालू करून बघितलो, नेट काय येईना." मी फोनवरच आयपीकॉन्फिग टाकायला लावलं, त्यांनी वाचलं, "एकशे एकोणसत्तर पॉईंट दोनशे चौपन्न". मग म्हटलं ताई आता कशालाच हात लावू नका, मी येतो. जाऊन स्विचमधनं (सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) वायर काढली तर पोर्टच्या आत काळ्या वाळूची बारीक धूळ गच्च बसलेली, आठातल्या दोन पट्ट्या झाकून गेलेल्या. ब्लोअर मारला, वायरीचं टोक कापून नवा आरजे-४५ प्लग क्रिम्प केला, पुन्हा आयपीकॉन्फिग टाकलं तर १९२.१६८.१.२३. त्या आधी तिथं कुणीतरी विंडोज परत टाकायची भाषा करत होतं. भट्टीजवळच्या, सिमेंटच्या किंवा पिठाच्या गिरणीजवळच्या जागेत स्विच झाकणाच्या पेटीत ठेवा, खर्च किरकोळ आहे.

वळवाच्या दिवसांत अजून एक गोष्ट होते. वीज कडाडली आणि एक-दोन कॉम्प्युटरच फक्त बंद पडले तर बहुतेक वेळा लॅनचा, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या वायरीचा, पोर्ट गेलेला असतो. वायर स्विचच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, तिथं चालली तर स्विचचा पोर्ट गेलाय, नाही चालली तर कॉम्प्युटरचा.

वायर ठीक असूनही १६९ येत असेल तर पत्ता परत मागायचा:

आयपीकॉन्फिग /रिलीज
आयपीकॉन्फिग /रिन्यू

इथं एक सावधगिरी. दूरून रिमोटवर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडलेले असाल तर नुसतं रिलीज कधी टाकू नका, पत्ता सुटला की तुमचाच संबंध तुटतो आणि रिन्यू टाकायला कोणी उरत नाही. दोन्ही एका ओळीत, मध्ये & चिन्ह घालून टाका, म्हणजे पहिली झाली की दुसरी आपोआप चालते.

पिंग, एकेक पायरी

पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. माईक मूस नावाच्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्राम लिहिला, पाणबुडी शोधायच्या सोनारच्या आवाजावरनं नाव ठेवलं, आणि आजही आपण तेच वापरतोय.

पिंग १२७.०.०.१

हा तुमचाच कॉम्प्युटर. इथं उत्तर आलं नाही तर विंडोजचं नेटवर्कच बिघडलंय. असं फार क्वचित होतं.

पिंग १९२.१६८.१.१

हा राउटर. तुमच्या आयपीकॉन्फिगमध्ये "डिफॉल्ट गेटवे" समोर जो आकडा असेल तो टाकायचा, माझा बघून टाकू नका. वायरीवर असाल तर एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला पाहिजे. वायफायवर थोडं जास्त चालतं, पण मध्येच २०० आणि ३०० असे आकडे उड्या मारायला लागले तर गडबड वायफायमध्ये आहे, ऑपरेटरला फोन करून उपयोग नाही.

पिंग ८.८.८.८

हा गूगलचा डीएनएस सर्व्हर. राउटरपर्यंत जातंय आणि इथं नाही, म्हणजे राउटरच्या पुढं बिघाड. आता राउटरवरचे लॉस आणि पॉन लिहिलेले दिवे बघा, लॉसचा दिवा लाल पेटला तर फायबर तुटलीय किंवा वाकलीय. तेव्हा मात्र ऑपरेटरच पाहिजे, आपण काही करू शकत नाही.

पिंग गूगल.कॉम

८.८.८.८ ला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, मग नेट चालू आहे, फक्त नावाचा आकडा करून देणारा डीएनएस झोपलाय. त्याचं पुढं सांगतो.

उत्तरं पण नीट वाचायची, सगळी सारखी नसतात. "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट" म्हणजे हाक गेली, ओ आली नाही. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं आणि त्याच्या आधी तुमचाच आयपी लिहिलेला असला तर हाक तुमच्या दारातूनच बाहेर पडली नाही, त्या पत्त्याचं यंत्र तुमच्या लॅनवर सापडलंच नाही. आणि दुकानातल्या एका विंडोजवरनं दुसऱ्या विंडोजला पिंग केल्यावर टाइम्ड आऊट आलं म्हणून वायर तुटली असं समजू नका, विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही.

नेट पूर्ण बंद नाही पण मध्ये मध्ये जातंय, अशी तक्रार सगळ्यात जास्त वैतागाची. तिथं दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा, एकीत पिंग १९२.१६८.१.१ -टी आणि दुसरीत पिंग ८.८.८.८ -टी, आणि काम करत बसा. -टी लावलं की ते थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतं आणि किती पाकिटं, म्हणजे हाका, हरवली ते खाली दाखवतं. दोन्ही खिडक्या एकदम अडखळल्या तर घोटाळा तुमच्या आत, फक्त दुसरीच अडखळली तर बाहेर. ऑपरेटरशी बोलताना ह्या दोन खिडक्यांचा फोटो पाठवा, "आमच्याकडनं सगळं ओके आहे" हे उत्तर मग देता येत नाही.

ट्रेसर्ट

ट्रेसर्ट -डी ८.८.८.८

वाटेत कुठले कुठले थांबे लागले ते दाखवतं, जास्तीत जास्त ३०. -डी लावलं की नावं शोधत बसत नाही, लवकर उरकतं. पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी-तिसरी ऑपरेटर. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या आणि पुढच्या ओळी बरोबर आल्या तर काळजी करू नका, तो थांबा फक्त उत्तर देत नाही, पाकिटं पुढं पाठवतो. चांदण्या सुरू झाल्या आणि शेवटपर्यंत चांदण्याच, तर मात्र तिथं तुटलंय.

इथंच एक अजून उपयोगाची गोष्ट कळते. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की उघडतं ते) वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी १०० नं सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा तो १० नं सुरू होत असेल, तर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळालेलाच नाही, ऑपरेटर एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाईकांत वाटतोय. गोडाऊनचा सीसीटीव्ही घरनं दिसावा म्हणून लोक दिवस दिवस पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरनं आलेली हाक राउटरमधनं आतल्या यंत्राकडं वळवायचं सेटिंग) करत बसतात आणि ते चालत नाही, त्याचं कारण हे. ऑपरेटरकडं पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी मागा, नाहीतर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कंपनीच्या ॲपमधनं क्यूआर कोड स्कॅन करून बघा. फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका.

नाव सापडत नाही तेव्हा

एनएसलुकअप गूगल.कॉम

हे तुमच्या डीएनएसला विचारतं. उत्तर आलं नाही तर लगेच दुसऱ्याला विचारून बघा:

एनएसलुकअप गूगल.कॉम १.१.१.१

इथं आलं आणि आधी नाही आलं, मग चोर सापडला. पहिल्यांदा आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस टाकून जुनी साठवलेली नावं पुसा, त्यानं भागलं नाही तर ॲडमिनच्या खिडकीत डीएनएस बदला:

नेटएसएच इंटरफेस आयपी सेट डीएनएस "इथरनेट" स्टॅटिक ८.८.८.८
नेटएसएच इंटरफेस आयपी ॲड डीएनएस "इथरनेट" १.१.१.१ इंडेक्स=२

अवतरणातलं नाव तुमच्या अडॅप्टरचं पाहिजे, ते नेटएसएच इंटरफेस शो इंटरफेस टाकलं की दिसतं. परत जसं होतं तसं, म्हणजे राउटर आपोआप वाटेल ते (त्यालाच डीएचसीपी म्हणतात), करायचं तर:

नेटएसएच इंटरफेस आयपी सेट डीएनएस "इथरनेट" डीएचसीपी

२० तारखेला जीएसटीआर थ्री-बी भरताना पोर्टल उघडत नाही म्हणून लोक घाईत हे सगळं बदलायला लागतात, तेव्हा आधी एनएसलुकअपमध्ये पोर्टलचं नाव टाकून बघा. आकडा येत असेल तर तुमचा डीएनएस बरोबर आहे, गर्दी पोर्टलवर आहे, डीएनएस बदलून काहीच होणार नाही. आणि अजून एक, सगळ्याच साईट "सुरक्षित नाही" म्हणत असतील तर कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की तारीख मागं जाते आणि मग सर्टिफिकेट चुकीचं वाटायला लागतं, सगळं नेटवर्क तपासून होतं आणि शेवटी शंभरभर रुपयांची बॅटरी निघते.

दोन राउटर, दोन मालक

हे प्रकरण मला सगळ्यात जास्त ठिकाणी भेटतं म्हणून जरा निवांत सांगतो. राजारामपुरीत एका क्लासमध्ये वीस कॉम्प्युटर, त्यातले काही चालायचे, काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी चालणारे बंद आणि बंद होते ते चालू. सरांनी दोन वेळा माणसं बोलावली, दोघांनी अँटिव्हायरस टाकून दिला. मी एका बंद आणि एका चालू कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग /ऑल टाकलं आणि "डीएचसीपी सर्व्हर" ही ओळ शेजारी ठेवून वाचली. चालूवर १९२.१६८.१.१, बंदवर १९२.१६८.०.१. एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोन मालक! वरच्या मजल्यावर वायफाय पोचावं म्हणून कोणीतरी जुना राउटर आणून स्विचला लॅनच्या पोर्टमधनं जोडला होता, तोही बिचारा आपलं काम म्हणून पत्ते वाटत होता, आणि ज्याला त्याचा पत्ता पहिला मिळाला तो कॉम्प्युटर अडकला, कारण त्या राउटरच्या मागं नेटच नव्हतं.

उपाय सोपा आहे. एक लॅपटॉप फक्त त्या दुसऱ्या राउटरला जोडा, त्याचं पान उघडा, त्याचा लॅनचा आयपी १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, आणि परत स्विचला लॅनच्याच पोर्टमधनं लावा, वॅनच्या पोर्टला काही लावू नका. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर रिलीज आणि रिन्यू. पंधरा मिनिटांत वीसच्या वीस चालू झाले. सरांना मी ती ओळ दाखवली, कारण पुढच्या वेळी त्यांना ती स्वतः वाचता यायला पाहिजे.

प्रिंटर आणि लाईट

लाईट जाऊन आली की प्रिंटर "ऑफलाईन" दाखवतो, ही तक्रार आपल्याकडं पावसाळ्यात रोजची. प्रिंटर चांगला असतो. राउटरनं त्याला परत चालू झाल्यावर दुसराच पत्ता दिलेला असतो आणि विंडोज जुन्या पत्त्यावर कागद पाठवत बसतं. प्रिंटरच्या पॅनेलवरनं नेटवर्कचं पान छापा, त्यावर आत्ताचा आयपी आणि मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) असतो. पॅनेल नसेल तर

एआरपी -ए

टाका, लॅनवर नुकतं ज्याच्याशी बोलणं झालंय त्यांचे आयपी आणि मॅक दिसतात, प्रिंटरच्या मागच्या स्टिकरवरचा मॅक त्यात शोधा. सापडला नाही तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथं नक्की असतो.

कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या मॅकसाठी पत्ता राखून ठेवायचा, ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात त्याला. मला हीच पद्धत पसंत आहे, सगळा हिशोब एका जागी राहतो. ते जमत नसेल तरच यंत्रावर स्टॅटिक आयपी द्या, पण राउटर जे पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल आणि तुम्ही डीव्हीआरला १०५ देऊन ठेवला, तर कधीतरी तोच १०५ कोणाच्या तरी मोबाईलला जाणार आणि दोघं भांडत बसणार. बिलिंगच्या कॉम्प्युटरला स्टॅटिक द्यायचा तर:

नेटएसएच इंटरफेस आयपी सेट ॲड्रेस "इथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.१.५० २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.१

क्रम असा: पत्ता, सबनेट मास्क, गेटवे. डीएनएस वेगळा द्यावा लागतो, तो विसरला की पिंग चालतं आणि साईट उघडत नाही. परत ऑटोमॅटिक करायचं तर शेवटी स्टॅटिक आणि पत्ते या सगळ्यांच्या ऐवजी नुसतं डीएचसीपी.

वायफाय

नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस

सिग्नल टक्क्यांत, चॅनेल, आणि रिसीव्ह रेट, एवढं बघा. विंडोजनं लोकेशनची परवानगी मागितली तर द्या. लॅपटॉप हातात घेऊन खोलीखोलीत ही कमांड टाकत फिरा. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमागं सिग्नल कसा कोसळतो ते आकड्यात दिसतं, आणि मग राउटर कुठं टांगायचा ते आपोआप ठरतं. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ नाहीतर ११ यातलाच ठेवा, मधले ठेवले की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

काहीच जमलं नाही तर

ॲडमिनच्या खिडकीत:

नेटएसएच विन्सॉक रिसेट
नेटएसएच इंट आयपी रिसेट

आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट. दुसऱ्या कमांडनं हातानं दिलेला स्टॅटिक आयपी उडतो, म्हणून सुरुवातीला ती फाईल करायला सांगितली होती, आता ती उघडून आकडे परत भरा. हे शेवटी करायचं. सगळं ठीक असताना उगीच टाकत बसू नका.

लिनक्सवाल्यांसाठी तीच पायरी तशीच, फक्त शब्द वेगळे. पत्ता बघायला आयपी ए, गेटवे बघायला आयपी आर, कनेक्शनसाठी एनएमसीएलआय, डीएनएस बघायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. तिथं पिंग आपणहून थांबत नाही, चारच हवे असतील तर -सी ४ लावा.

आणि ऑपरेटरला फोन लावायची वेळ आलीच तर नुसतं "नेट चालेना" म्हणू नका. राउटरच्या पिंगचं उत्तर, ८.८.८.८ च्या पिंगचं उत्तर, ट्रेसर्ट कुठल्या ओळीपर्यंत गेलं, लॉसचा दिवा लाल आहे का, आणि कधीपासून, एवढं एका मेसेजमध्ये पाठवा. मी असंच पाठवतो आणि पलीकडचा पोरगा सरळ जॉइंट बॉक्स उघडायला जातो, आधी माझ्याकडं येऊन राउटर बंद-चालू करत बसत नाही.